पांडुरंग : एका प्रांताची कथा

पांडुरंग हे नाव कानी पडताच मराठी मन चंद्रभागेच्या तीरावर जाऊन उभे राहते. परंतु व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका राज्यानेही हेच नाव शतकानुशतके धारण केले होते. विठ्ठलाशी त्याचा संबंध जोडण्यास आधार नाही. संस्कृत भाषा व शैव पंथ समुद्रमार्गे चंपा देशात पोचले, त्यांच्याबरोबर ते तेथे रुजले. आजच्या 'फान रांग' या नगरनामात त्याचाच अपभ्रंश उरला आहे.

तीन बाजूंस डोंगर व चौथीस समुद्र अशी या भूमीची ठेवण. किनाऱ्यालगत वर्षाकाठी पाऊस जेमतेम ७०० मिलिमीटर. साऱ्या व्हिएतनाममध्ये इतका कोरडा मुलूख दुसरा नाही. साहजिकच लोककथेतील थोर राजा पो क्लाँग गराई हा बंधारे व पाट बांधणारा आहे. सुमारे १३०० सालचे त्याचे विटांचे देवालय फान रांगजवळच्या टेकडीवर उभे असून गाभाऱ्यात राजमुख कोरलेले शिवलिंग आहे.

१४७१ साली विजया ही राजधानी पडल्यावर चंपेचा दक्षिण भाग तेवढा उरला. १८३२ साली सम्राट मिन्ह मांग याने पांडुरंगही खालसा केले. पुढे येथे निन्ह थुआन प्रांत झाला. १९७६ मध्ये तो थुआन हाय प्रांतात मिसळला, १९९२ मध्ये पुन्हा वेगळा निघाला आणि १ जुलै २०२५ रोजी खान्ह होआ प्रांतात विलीन झाला.

येथील बहुसंख्य वस्ती किन्ह लोकांची. बौद्ध व कॅथलिक उपासनास्थाने गावोगाव आढळतात. चाम समाजाचे मात्र दोन पक्ष आहेत: 'आवाल' आणि 'अहिएर'. हे मूळचे अरबी शब्द, म्हणजे आपल्या दप्तरांतले 'अव्वल' आणि 'अखेर'! आवाल अल्लाला मानतात व मृतांचे दफन करतात. अहिएर जुन्या शैव परंपरेतले, ते दहन करतात. तरीही दोघे स्वतःस एकाच समाजाची दोन अंगे समजतात.

अहिएरांच्या काते सणास डोंगरातील राग्लाय लोक आपणाकडे जपलेली देववस्त्रे घेऊन खाली उतरतात. राज्य गेले, प्रांत तीनदा बदलला, तरी ही ठेव सांभाळण्याची जबाबदारी बदलली नाही. परमुलखात कारभार पाहणाऱ्याने सरहद्दींच्या नकाशाबरोबर अशा नात्यांचाही नकाशा जाणून घेणे अगत्याचे आहे. त्याची नोंद कोणत्याही राजपत्रात सापडत नाही.