मोंतायू : चौकशीच्या दप्तरात जिवंत राहिलेले गाव

दक्षिण फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या उत्तर उतारावर, आजच्या आरिएज जिल्ह्यात सुमारे १३०० मीटर उंचीवर मोंतायू नावाचे एक लहानसे खेडे आहे. येथे कोणी राजा जन्मला नाही, कोणती मोठी लढाईही झाली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी गावाची वस्ती जेमतेम अडीचशेच्या घरात होती. तरीही मध्ययुगीन युरोपातील दुसऱ्या क्वचितच एखाद्या खेड्याची इतकी आतली माहिती आज उपलब्ध असेल. उन्हात बसून कोण कोणाच्या डोक्यातील उवा काढी, कोणाचे कोणाशी संबंध होते, रात्री कोणाच्या घरी कोण लपून येई, हे सारे लिहून ठेवलेले आहे. मात्र ते लिहिण्यामागे हेतू इतिहासाचा नव्हता. ते एका खटल्याचे दप्तर होते.

प्रथम गावाची जागा पाहावी लागते. टेकडीच्या माथ्यावर फ्वाच्या काउंटचा किल्ला आणि त्याखाली उतारावर पायऱ्यांसारखी रचलेली घरे. हवा इतकी थंड की द्राक्ष आणि ऑलिव्ह येथे पिकत नसत; वाइन आणि तेल खालच्या प्रदेशातून आणावे लागे. गहू, ओट आणि सलगम ही शेतातली पिके. खरी संपत्ती मात्र मेंढ्यांची. उन्हाळ्यात कळप उंच कुरणांवर चढत, हिवाळ्यात मेंढपाळ त्यांना घेऊन कॅटलोनियाच्या उबदार मैदानांकडे उतरत. त्यामुळे जग न पाहिलेले शेतकरी आणि खिंडी ओलांडून देशोदेशी फिरलेले मेंढपाळ एकाच चुलीभोवती बसत. गावाची भाषा ऑक्सितान; पॅरिसची फ्रेंच येथे परकीच.

या गावाचा खरा घटक व्यक्ती नसून घर होता. ऑक्सितान भाषेत त्याला ‘ओस्ताल’ म्हणत. ‘मोठ्या घरची मुलगी’ असे मराठीत म्हणताना घर या शब्दात भिंतींबरोबर कुळ, पत आणि वारसा जसा येतो, तसाच अर्थ त्या शब्दात होता. धर्मसुद्धा घराघराने स्वीकारला जाई आणि शिक्षा झाली की घर जप्त होई.

धर्माचा प्रश्न येथे जुना होता. लांगदॉक प्रांतात कॅथार पंथाने मूळ धरले होते. हे दृश्य जग दुष्ट शक्तीची निर्मिती असून आत्मा त्यात कोंडला गेला आहे, अशी त्या पंथाची धारणा होती. मांस व स्त्रीसंग वर्ज्य करून राहणाऱ्या त्यांच्या साधकांना लोक ‘भली माणसे’ म्हणत. मरणाच्या घटकेला अशा साधकाचा हात मस्तकी पडला की मुक्ती, असा सामान्यांचा विश्वास होता. पोपने १२०९ मध्ये या पंथाविरुद्ध धर्मयुद्ध सुरू केले. १२४४ मध्ये मोंतायूपासून फार दूर नसलेला मोंसेगुरचा किल्ला पडला आणि दोनशेहून अधिक जण जाळले गेले. पंथ संपला असे वाटत असतानाच, १३०० च्या सुमारास प्येर आणि गियोम ओतिए हे दोघे भाऊ लोंबार्दीहून दीक्षा घेऊन परतले. व्यवसायाने ते नोटरी, म्हणजे दस्तऐवज करणारे. त्यांच्या रात्रीच्या फेऱ्यांनी डोंगरातल्या अनेक घरांत जुनी श्रद्धा पुन्हा पेटली. मोंतायूमधील बहुतेक घरे त्यांच्या बाजूची झाली.

गावावर सत्ता होती क्लेर्ग घराण्याची. बेर्नार क्लेर्ग हा काउंटचा कारभारी, तर त्याचा भाऊ प्येर क्लेर्ग गावचा पाद्री. म्हणजे महसूल आणि मोक्ष दोन्ही एकाच घरात. पाद्री प्येर वेदीवर कॅथलिक होता, मनाने कॅथारांकडे झुकलेला होता आणि गावातील अनेक स्त्रियांशी त्याचे संबंध होते. पुढे तो कार्कासोनच्या धर्मन्यायालयाचा हस्तकही झाला. १३०८ मध्ये त्या न्यायालयाने जवळजवळ सारे प्रौढ गाव पकडून नेले, तेव्हा क्लेर्ग घर सुरक्षित राहिले. तक्रारीची धमकी हे त्यांचे शस्त्र होते आणि ते शत्रूंच्या घरांवर चालवले गेले. मोर नावाचे कुटुंब त्यात उद्ध्वस्त झाले. त्या घरातील मेंगार्द या स्त्रीची जीभ छाटण्यात आली.

हा समतोल मोडला तो झाक फूर्निए या नव्या बिशपने. १३१७ मध्ये पामिए येथे नेमणूक झालेला हा मनुष्य लाच घेणारा नव्हता, आळशी नव्हता आणि चौकशीत न थकणारा होता. १३१८ ते १३२५ या काळात त्याचे न्यायालय ३७० दिवस बसले आणि त्याने ५७८ जबान्या घेतल्या. छळाचा वापर त्याने क्वचितच केला. कैद, बहिष्कार आणि अखंड प्रश्न एवढ्यावर त्याचे भागत असे. साक्षीदार ऑक्सितानमध्ये बोले, लेखनिक लॅटिनमध्ये टिपण करी, मग ते त्याच्या भाषेत वाचून दाखवले जाई आणि शेवटी चर्मपत्रावर उतरवले जाई.

त्या पानांतून माणसे बोलतात. किल्लेदाराची विधवा बेआत्रिस द प्लानिसोल पाद्री प्येरशी असलेल्या आपल्या संबंधांविषयी विलक्षण मोकळेपणाने सांगते. ग्राझीद नावाची तरुण शेतकरी स्त्री बिशपला सांगते की, दोघांनाही आवडत होते तोवर त्यात पाप आहे असे तिला वाटले नाही. परंतु सर्वांत लक्षात राहतो तो मेंढपाळ प्येर मोरी. त्याला ना घर, ना बायको. धन म्हणजे मित्र. गियोम बेलिबास्त हा उरलासुरला कॅथार साधक स्पेनमध्ये लपून राहत होता आणि मोरी त्याला जपत होता. ब्रह्मचर्य पाळायला हवे त्या बेलिबास्तची सोबतीण गरोदर राहिली, तेव्हा त्याने मोरीला गळ घालून तिच्याशी लग्न लावले आणि काही दिवसांतच ते मोडले. फसवणूक कळण्याइतका मोरी शहाणा होता. तरी त्याने मैत्री तोडली नाही.

बेलिबास्तला अडकवले ते आर्नो सिक्रने. पाखंडी म्हणून त्याची आई जाळली गेली होती आणि तिचे घर जप्त झाले होते. ते परत मिळवण्यासाठी त्याने श्रद्धाळूचे सोंग घेऊन साधकाचा विश्वास संपादन केला आणि त्याला सीमेकडे ओढून आणले. १३२१ मध्ये बेलिबास्तला व्हिलरूज-तेर्मनेस येथे जाळण्यात आले. आईला जाळणाऱ्या न्यायालयाचेच काम मुलाने आईच्या घरासाठी करावे, यातून ओस्तालची पकड जितकी कळते तितकी कोणत्याही व्याख्येने कळणार नाही.

फूर्निएच्या हाती मोंतायूचा एक जण, गियोम फोर, जाळला गेला. प्येर क्लेर्ग तुरुंगात मेला, त्याचा भाऊ बेर्नारही १३२४ मध्ये. बेआत्रिसला कपड्यांवर पिवळे क्रूस शिवून वावरण्याची शिक्षा झाली. मोरीला १३२४ मध्ये कारावास झाला. बिशपची मात्र बढती होत गेली. १३३४ मध्ये तो बेनेडिक्ट बारावा या नावाने पोप झाला आणि आव्हिन्योंचा प्रासाद बांधू लागला. त्याच्याबरोबर दप्तरही गेले. ते आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. दप्तरवाला पोप झाला नसता, तर इतर अनेक दप्तरांप्रमाणे हेही नाहीसे होण्याची शक्यता मोठी होती.

१९६५ मध्ये झां द्यूव्हेर्नुआने मूळ लॅटिन मजकूर प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेला इमॅन्युएल ल रुआ लादुरीचा ग्रंथ १९७५ मध्ये आला आणि इतिहासाच्या गंभीर पुस्तकाच्या वाट्याला सहसा न येणारा खप त्याला लाभला. आक्षेपही आले, आणि ते वजनदार आहेत. बेड्यांच्या भीतीने दिलेली, ऑक्सितानमधून लॅटिनमध्ये गेलेली जबानी ही ओसरीवरच्या गप्पांसारखी कशी वाचायची? न्यायाधीशाने जे विचारले नाही ते कागदावर आलेच नाही. लादुरीने फूर्निएला जवळजवळ मानववंशशास्त्रज्ञ केले, ही टीका रास्त आहे. तरीही शेळीच्या चीजपासून आत्म्याच्या प्रवासापर्यंत साक्षीदार जे बोलून गेले, त्यातले पुष्कळसे खटल्याला अनावश्यक होते. बिशपला त्याचा उपयोग नव्हता, पण लेखनिकाने ते गाळले नाही.

आज मोंतायूत कायम राहणारी माणसे मोजकीच आहेत. माथ्यावर किल्ल्याच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. मध्ययुगातील घरे किल्ल्याला लगटून होती, ती जागा आता गवताखाली आहे. पुढची वस्ती खाली सरकली. क्लेर्ग हे आडनाव मात्र विसाव्या शतकातही गावात होते.