स्कोअर किती आला?

एप्रिल २०२१ आठवून बघा. कुणाचाही फोन आला की ‘कसा आहेस’च्या आधी एकच प्रश्न असायचा, ‘स्कोअर किती?’

फुफ्फुसाचे पाच भाग, प्रत्येकाला शून्य ते पाच, एकूण २५. शाळेत जास्त मार्क पडले की पेढे, इथे जास्त पडले की घरात रडारड. हा आकडा ज्या खोलीतून यायचा तिथे रात्रंदिवस उभ्या असलेल्या टेक्निशियनबद्दल आज लिहितोय. डॉक्टर, नर्स, पोलीस, सगळ्यांवर मी तेव्हा बातम्या केल्या. यांच्यावर एक ओळ नाही.

थोडं मागे जाऊ. ८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. ते अपाय करतात हे सुरुवातीला कुणाला नीट ठाऊक नव्हतं. एडिसनचा सहायक क्लॅरन्स डॅली हातांना कॅन्सर होऊन १९०४ मध्ये गेला. अशा दीडशेहून जास्त जणांची नावं कोरलेलं स्मारक १९३६ साली हॅम्बुर्गमध्ये उभं राहिलं. एवढे जीव गेल्यावर या कामाचे नियम पक्के झाले : किरणांपुढे कमी वेळ थांबा, लांब राहा, मध्ये शिसं ठेवा.

कोरोनात ‘लांब राहा’ जमेना. आयसीयूत पोर्टेबल मशीन घेऊन जायचं, पेशंटला उचलून पाठीखाली प्लेट सरकवायची, तोंडाजवळ तोंड. अंगावर पीपीई किट आणि शिशाचा जड एप्रन.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एचआरसीटीचे दर मशीनप्रमाणे २ ते ३ हजारांवर आणले. दुसऱ्या लाटेत आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायला दिवस लागू लागले. मग सगळा गाव सिटी स्कॅनच्या दारात. मे २०२१ मध्ये एम्सचे संचालक रणदीप गुलेरिया म्हणाले, एक सिटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टच्या संघटनेने ते खोडून काढलं. या वादात लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यायला समोर कोण? टेक्निशियनच.

आमच्या तालुक्यातला एक टेक्निशियन माझ्या ओळखीचा. त्या महिन्यात मी त्याला रात्री अकरा-बाराला फोन करायचो. ‘भाऊ, आपला माणूस आहे, नंबर लावून घे.’ तो घ्यायचा. मागच्या वर्षी टपरीवर निवांत भेटला, तेव्हा पहिल्यांदा विचारलं, ‘तुझं काय झालं रे तेव्हा?’

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘दादा, स्क्रीनवर मला आधी दिसायचं. दोन्ही फुफ्फुसं पांढरी. पण रिपोर्ट सांगायचा डॉक्टरांनी. पेशंट टेबलवरून उठताना विचारायचा, बरं आहे ना? मी म्हणायचो, काळजी करू नका. काचेमागून माइकवर सांगायचो, श्वास घ्या, रोखून धरा. समोरच्याला श्वासच पुरत नव्हता आणि मी तेच तेच सांगत होतो. अजून झोपेत तेच ऐकू येतं.’

घरी कित्येक महिने त्याने मुलीला जवळ घेतलं नाही. तो बाहेरून आला की ती अजूनही आधी दारातच थांबते म्हणे.

उठताना म्हणाला, ‘तुम्ही ज्याचा नंबर पुढे घ्यायला लावायचात ना, त्याच्यामुळे मागे गेलेला माणूस माझ्याच अंगावर यायचा.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

या लोकांच्या छातीवर एक बॅज असतो. अंगावर किती किरणं पडली ते तो मोजतो आणि दर काही महिन्यांनी तपासणीला जातो. कोरोना ड्युटीत मृत्यू आला तर ५० लाखांचं विमा कवच होतं, तेही योग्यच. पण जे जगले त्यांच्या मनावर काय पडलं, हे मोजायला आमच्या तालुक्यात कुणी आलं नाही. सरकारी दवाखान्यांत या कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची कायमची सोय हवी, पुढची साथ यायच्या आधी.

८ नोव्हेंबर हा जागतिक रेडिओग्राफी दिन. तुमच्या गावात एक्स-रे काढणारे कुणी दादा, ताई असतील तर त्या दिवशी त्यांना भेटा. हार-तुरे नकोत, फक्त विचारा, तेव्हा कसं गेलं? ते जे सांगतील ते त्यांची परवानगी घेऊन मला लिहून पाठवा. यावेळी मी छापीन.