कोसंबी आणि मूळ संख्यांचे कोडे

दिवेलागणीला परवचा म्हणण्याची रीत पेडणे-डिचोलीच्या जुन्या घरांना नवी नाही. पाढ्यांनी गुणाकार जिभेवर बसतो; तो उलटा सोडवणे मात्र कठीण. ८९ गुणिले ९७ म्हणजे ८६३३, हे कोणीही मिनिटभरात काढील. पण नुसती ८६३३ देऊन तिचे अवयव विचारले, तर २, ३, ५, ७ असे मूळ संख्यांनी भागत जावे लागते. चोविसाव्या प्रयत्नाला ८९ हाती लागते.

याच अडचणीचे कुलूप रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी १९७७ मध्ये तयार केले. त्यांनी कोडे म्हणून दिलेल्या १२९ अंकी संख्येचे दोन मूळ अवयव १९९४ मध्ये सापडले, तेही सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपले संगणक जोडल्यावर!

या मूळ संख्या कोणत्या नियमाने विखुरलेल्या आहेत, हा प्रश्न त्याहून जुना. त्याने गोव्याच्या एका सुपुत्रालाही झपाटले होते. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्म, हार्वर्डमध्ये शिक्षण, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन आणि १९४६ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे काम. जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांचे १९४४ चे सूत्र आजही वापरात आहे.

जर्मन गणिती रीमान यांनी १८५९ मध्ये मूळ संख्यांविषयी एक अनुमान मांडले होते. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, कोसंबींनी संभाव्यताशास्त्राच्या वाटेने ते सिद्ध केल्याचा दावा केला. हा लेख छापला कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकाने! गणितज्ञांनी सिद्धता मान्य केली नाही. १९६२ मध्ये त्यांचा टाटा संस्थेशी संबंध संपला. तरी १९६३ मध्ये मूळ संख्यांच्या वितरणावरील त्यांचा लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रीमानचे अनुमान आजही सिद्ध झालेले नाही.

गोव्यात त्यांच्या नावाने विचारमहोत्सव भरतो, तेव्हा आठवण निघते ती बहुधा इतिहासकार कोसंबींची. गणिती कोसंबी मागे राहतात, कदाचित त्यांचा सर्वांत मोठा दावा टिकला नाही म्हणून. पण त्यांनी हात घातला तो ज्या प्रश्नापुढे जगातले भलेभले थांबले होते, त्याला. पाढे म्हणणाऱ्या आपल्या मुलांना कोसंबींची ही बाजूही सांगायला हवी.