टोस्टर ओव्हन कुणाला मिळाला? एका विनोदाची वीस वर्षे (थ्रेड)

३० एप्रिल १९९७, बुधवारची रात्र. अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर 'एलन' या विनोदी मालिकेचा एक तासाचा विशेष भाग संपत आला होता. नायिका एलन मॉर्गन हिने आपण समलिंगी असल्याचे मान्य केले होते. अखेरच्या छोट्या प्रसंगात गायिका मेलिसा एथरिज नायिकेच्या 'नावनोंदणी'ची कागदपत्रे पुरी करते आणि तिला 'भरती' केल्याबद्दल सुझन नावाच्या मैत्रिणीच्या हाती बक्षीस ठेवते. ते बक्षीस म्हणजे एक टोस्टर ओव्हन.

सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी हा भाग पाहिला. आज तो पाहणाऱ्या तरुण प्रेक्षकाला या शेवटाचे हसू येतेच असे नाही. बक्षीस टोस्टर ओव्हनच का? आणि 'भरती' कसली? या दोन प्रश्नांच्या उत्तरात अमेरिकेच्या अर्ध्या शतकाचा इतिहास दडलेला आहे.

टोस्टरचे उत्तर बँकांकडे आहे. महामंदीच्या तडाख्यानंतर १९३३ साली अमेरिकी सरकारने बँका ठेवींवर किती व्याज देऊ शकतील यावर बंधने घातली. व्याजदराची स्पर्धाच उरली नाही, तेव्हा बँकांनी ग्राहकांना भेटवस्तू देऊन ओढण्यास प्रारंभ केला. नवे खाते उघडा आणि टोस्टर घेऊन जा! दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत ही पद्धत इतकी रूढ झाली की 'नवे गिऱ्हाईक आणल्याचे बक्षीस' म्हटले की अमेरिकी माणसाच्या डोळ्यांपुढे टोस्टरच यावा. मराठी वाचकाला खरेदीवर मिळणारे स्टीलचे भांडे आठवेल, भावना तीच.

'भरती'चे उत्तर मात्र इतके निरागस नाही.

१८ जानेवारी १९७७ रोजी फ्लोरिडा राज्यातील डेड काउंटीने, म्हणजे मायामी शहर ज्या परगण्यात येते त्याने, एक नियम संमत केला. समलिंगी असल्याच्या कारणावरून कुणाला नोकरी वा घर नाकारता येणार नाही, एवढेच त्याचे सार. त्याविरुद्ध उभी राहिली अनिता ब्रायंट. ती लोकप्रिय गायिका होती आणि फ्लोरिडाच्या संत्र्यांच्या रसाच्या जाहिरातींमुळे तिचा हसरा चेहरा घरोघरी पोहोचला होता. तिच्या मोहिमेचे नावच 'आमची मुले वाचवा' असे होते. तिचा युक्तिवाद थोडक्यात असा: समलिंगी लोकांना मुले होत नाहीत, म्हणून आपली संख्या वाढवण्यासाठी ते दुसऱ्यांच्या मुलांची भरती करतात.

हा युक्तिवाद तर्काच्या कोणत्याही कसोटीवर टिकणारा नव्हता. पण भीतीला तर्काची गरज नसते आणि आईबापांच्या भीतीला तर नसतेच. ७ जून १९७७ रोजी झालेल्या मतदानात सुमारे ६९ टक्के मतदारांनी तो नियम रद्द केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आयोवा राज्यातील एका पत्रकार परिषदेत एका आंदोलकाने ब्रायंटच्या तोंडावर पाय फेकून मारला. हा पाय म्हणजे फळांचे सारण भरलेला गोड पदार्थ. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोचा निर्वाचित नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क आपल्या सभांचा आरंभ 'मी तुम्हाला भरती करण्यासाठी आलो आहे' अशा अर्थाच्या वाक्याने करू लागला. ब्रायंटचाच शब्द त्याने उचलला आणि हसत हसत तिच्याकडे परत फेकला. टोस्टर ओव्हनच्या विनोदाचा पूर्वज शोधायचा तर तो इथे सापडतो. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी मिल्कची गोळ्या घालून हत्या झाली.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. विनोदी मालिकांनी या विषयाला स्पर्श केला तो त्याआधीच. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी सीबीएस वाहिनीच्या 'ऑल इन द फॅमिली' या मालिकेच्या पाचव्या भागात आर्ची बंकर हा पूर्वग्रहांनी ठासून भरलेला गृहस्थ जावयाच्या नाजूक चालीबोलीच्या मित्राची यथेच्छ टवाळी करतो. पुढे उघड होते ते असे, की समलिंगी आहे तो हा मित्र नव्हे; आर्चीचा दारूच्या गुत्त्यातला जिगरी दोस्त, एके काळचा धिप्पाड फुटबॉलपटू, तो समलिंगी आहे. आर्चीच्या चेहऱ्यावरचा गोंधळ हाच त्या भागाचा सारा उपहास.

या भागाचा एक अनपेक्षित श्रोता इतिहासात नोंदला गेला आहे. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कार्यालयातील संभाषणे गुप्तपणे ध्वनिमुद्रित होत असत. १३ मे १९७१ च्या ध्वनिफितीत निक्सन आपल्या दोन सहायकांना या भागाची कथा सांगतात आणि संतापतात. त्यांच्या मते मालिका समलिंगी संबंधांचे उदात्तीकरण करत होती. पुढे ते ग्रीस आणि रोमच्या ऱ्हासाचे खापरही याच गोष्टीवर फोडतात. विनोदी मालिकेचा अर्धा तास आणि साम्राज्यांचा अस्त, यांत त्यांना सरळ कार्यकारणभाव दिसला.

उपहासाची अडचण मात्र दुसऱ्या बाजूनेही होती. १९७४ साली नील विडमार आणि मिल्टन रोकीच या संशोधकांनी आर्चीच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वग्रह बाळगणाऱ्या प्रेक्षकांना आर्ची हास्यास्पद वाटतच नव्हता; त्यांना तो आपलाच माणूस, खरे बोलणारा वाटत होता. ज्याच्यावर बाण सोडला तोच टाळ्या वाजवतो, हे उपहासकाराचे जुने दुर्दैव. शिवाय या साऱ्या कथांत समलिंगी पात्र पाहुणे असे. ते एका भागात येई, नायकाला धडा देई आणि निघून जाई. १९७७ च्या सप्टेंबरात एबीसीवर सुरू झालेल्या 'सोप' मालिकेत बिली क्रिस्टलने रंगवलेला जोडी डॅलस हा नियमित पात्रांपैकी होता हे खरे. पण पहिला भाग दिसण्याआधीच वाहिनीकडे हजारो निषेधपत्रे आली, आणि पुढे लेखकांनी त्याला स्त्रियांच्या प्रेमकथांत असे काही गुंतवले की तो नेमका कोण हे त्यांनाच ठाऊक राहिले नसावे.

मुख्य पात्रच समलिंगी, आणि ते साकारणारी अभिनेत्रीही उघडपणे समलिंगी, हे धाडस व्हायला १९९७ साल उजाडावे लागले.

त्या काळचे वातावरण लक्षात घेतले पाहिजे. १० सप्टेंबर १९९६ रोजी अमेरिकी सिनेटमध्ये एकाच दिवशी दोन मतदाने झाली. समलिंगी विवाहांना संघराज्याची मान्यता नाकारणारे विधेयक ८५ विरुद्ध १४ मतांनी संमत झाले. समलिंगी कर्मचाऱ्यांना नोकरीत संरक्षण देणारे विधेयक ४९ विरुद्ध ५० असे एका मताने पडले. म्हणजे त्या दिवशी, आणि पुढेही बरीच वर्षे, अमेरिकेच्या बहुसंख्य राज्यांत केवळ समलिंगी आहे म्हणून माणसाला कामावरून काढणे कायदेशीर होते.

'एलन' ही मालिका १९९४ पासून चालू होती. लॉस एंजेलिसमधील पुस्तकांच्या दुकानाची मालकीण एलन मॉर्गन ही तिची नायिका, आणि भूमिका करणारी एलन डीजेनेरेस. नायिकेच्या प्रेमजीवनात लेखकांना काही रंग भरता येईना. त्यावर निर्मिती संस्थेतील कुणी अधिकाऱ्याने 'तिला एखादे कुत्र्याचे पिल्लू आणून द्या' असे सुचवल्याची आठवण पुढे सांगितली गेली. नायिकेच्या आत्मप्रकटनाचा भाग गुपचूप लिहिला जाऊ लागला तेव्हा त्याचे सांकेतिक नाव 'पिल्लाचा भाग' असे ठेवण्यात आले, आणि तेच शेवटपर्यंत टिकले.

गुपित मात्र टिकले नाही. १९९६ च्या शरद ऋतूतच वार्ता फुटली आणि डीजेनेरेसने महिनोन्महिने पत्रकारांना खेळवले. एका मुलाखतीत तिने गंभीर चेहऱ्याने सांगितले की आपली नायिका 'लेबनीज' निघणार आहे. अखेर १४ एप्रिल १९९७ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिने स्वतःविषयीही ते जाहीर केले. जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने तिच्या आडनावाची मोडतोड करून 'अधःपतित' असा अर्थ निघेल असे नाव तिला दिले. हे नाव आपण चौथीत असल्यापासून ऐकत आलो आहोत, असे तिचे उत्तर होते.

आता त्या भागाची रचना पाहावी, कारण खरी करामत तिथे आहे. एलनची भेट रिचर्ड या जुन्या मित्राशी आणि त्याच्या सहकारी सुझनशी होते. सुझनची भूमिका लॉरा डर्नने केली आहे. दोघींच्या गप्पा रंगतात. सुझन सहज सांगते की ती समलिंगी आहे, आणि एलनही असावी असे तिला वाटले होते. एलन हादरते. ती हात झटकते, उठते आणि सुझनवर आरोप करते की तू मला भरती करू पाहतेस. त्यावर सुझन तितक्याच थंडपणे म्हणते की आता मुख्यालयाला कळवावे लागेल, एक नाव हातचे गेले. आणखी एक मिळाले असते तर टोस्टर ओव्हन मिळाला असता.

ब्रायंटचा वीस वर्षांपूर्वीचा आरोप इथे कोण करते आहे हे पाहण्यासारखे आहे. तो कुणा धर्मोपदेशकाच्या वा आर्ची बंकरच्या तोंडी घातलेला नाही. तो स्वतः नायिकेच्या तोंडी आहे. समाजाने शिकवलेला द्वेष ज्याच्याविरुद्ध शिकवला त्याच्याच मनात किती खोल रुजतो, हे लेखकांनी एका वाक्यात दाखवले, तेही हशा थांबू न देता. विडमार आणि रोकीच यांना आढळलेली अडचण इथे उरत नाही. या आरोपावर टाळी वाजवणाऱ्या प्रेक्षकाला पुढच्याच क्षणी कळते की आरोप करणारी घाबरलेली आहे, आणि खोटे बोलते आहे.

पुढचा प्रसंग विमानतळावरचा. सुझन शहर सोडून निघाली आहे असे एलनला वाटते. ती धावत पोहोचते, अडखळते, शब्द ओठांवर येतात आणि मागे फिरतात. अखेर ते दोन शब्द उच्चारताना ती काउंटरवर वाकते, आणि तिथला ध्वनिक्षेपक चालू असतो. आयुष्यभर दडवलेली गोष्ट साऱ्या प्रवाशांना ऐकू जाते. प्रसंग शुद्ध प्रहसनाचा आहे. पण तो करणारी अभिनेत्री त्याच दिवसांत साऱ्या देशासमोर नेमके तेच करत होती.

अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहराच्या स्थानिक केंद्राने हा भाग दाखवण्यास नकार दिला. तेव्हा तिथल्या समलिंगी कार्यकर्त्यांनी उपग्रहाद्वारे प्रक्षेपण मिळवले आणि बूटवेल सभागृहात मोठ्या पडद्यावर सर्वांसाठी तो भाग दाखवला. या वास्तूचा पूर्वेतिहास ठाऊक असणाऱ्याला हा योग विलक्षण वाटेल. १९३८ साली इथे भरलेल्या परिषदेत पोलिसांनी गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना वेगवेगळे बसवले, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी आपली खुर्ची दोन्ही बाजूंच्या मधल्या वाटेवर मांडली होती. १९५६ साली इथेच गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी रंगमंचावर चढून गायक नॅट किंग कोल यांच्यावर हल्ला केला होता.

जाहिरातदारांचे वर्तनही नोंदवायला हवे. क्रायस्लर, जे. सी. पेनी आणि वेंडीज यांनी या भागात जाहिरात देणे टाळले. दुसरीकडे, 'ह्यूमन राइट्स कॅम्पेन' या संस्थेला समलिंगी असल्याने कामावरून काढल्या गेलेल्या स्त्रीवरची जाहिरात दाखवायची होती. तीन वर्षे त्या नायिकेवर कमाई करणाऱ्या वाहिनीने ती राष्ट्रीय पातळीवर घेण्यास नकार दिला. ती केवळ काही स्थानिक केंद्रांवर दिसली.

त्या भागाला उत्कृष्ट लेखनाचा एमी पुरस्कार मिळाला, पीबडी पुरस्कारही मिळाला. किंमतही मोजावी लागली. जून १९९७ मध्ये सदर्न बाप्टिस्ट या मोठ्या धर्मसंघाने एबीसीची मालक कंपनी डिस्नेवर बहिष्कार पुकारला. तो २००५ पर्यंत चालला. पाचव्या पर्वात वाहिनीने भागांच्या आरंभी पालकांसाठी इशारा झळकवण्यास सुरुवात केली. तसे पहिल्यांदा झाले ते नायिकेने मैत्रिणीचे थट्टेत चुंबन घेतले म्हणून. १३ मे १९९८ रोजी मालिकेचा शेवटचा भाग दिसला. डीजेनेरेसला पुढे सुमारे तीन वर्षे काम नव्हते. भिन्नलिंगी असलेल्या लॉरा डर्नलाही वर्षाहून अधिक काळ भूमिका मिळाल्या नाहीत आणि सुरक्षारक्षक ठेवावे लागले, असे तिने नंतर सांगितले. पडद्यावर बक्षीस मिळाले ते तिलाच!

सप्टेंबर १९९८ मध्ये एनबीसीवर 'विल अँड ग्रेस' सुरू झाली. तिचा नायक पहिल्या भागापासून समलिंगी होता, आणि पहिल्या खेपेस ती आठ पर्वे चालली. २०१२ साली उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी जनमत बदलण्याचे श्रेय दिले ते तिला. 'एलन'चा उल्लेख त्यांनी केला नाही.

आणि मायामी? १ डिसेंबर १९९८ रोजी, 'एलन' बंद झाल्यानंतर सात महिन्यांच्या आत, डेड काउंटीच्या प्रतिनिधींनी १९७७ चा तो संरक्षणाचा नियम पुन्हा मतास टाकला. ७ विरुद्ध ६ मतांनी तो संमत झाला. २००२ साली तो रद्द करण्यासाठी पुन्हा जनमत घेण्यात आले. या वेळी सुमारे ५३ टक्के मतदारांनी तो कायम ठेवला.