जुन्नरी कागदातली रांग

मंडळी, मराठेशाहीच्या दप्तरांतला जुन्नरी कागद आपण आज क्ष-किरणांतून पाहू. जुन्नरचे कागदी जुनी पोती चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटायचे. मग इतकं कुटूनही कागद टिकाऊ कसा?

१९१३ साली जपानमध्ये निशिकावा आणि ओनो यांनी बांबू, रेशीम अशा धाग्यांतून क्ष-किरण सोडले. फोटोत ठिपक्यांची नक्षी उमटली. म्हणजे धाग्याच्या आत शिस्तीची रांग होती! पोत्याचा ताग असो की बांबू, मूळ द्रव्य सेल्युलोज. त्याच्या साखळीत दर १.०३ नॅनोमीटरला तीच रचना पुन्हा येते. कुटल्याने तंतू सुटे होतात, रांग बरीचशी शाबूत राहते. मात्र अति कुटलं तर तीही मोडते.

कुठे थांबायचं, हे कागद्यांच्या हाताला ठाऊक होतं. दप्तरं आपण जपली. ते हात नाही जपले.