उलाळ गाडी

पुण्याच्या आत्याला फोनवर सांगितलं, "आत्या, ट्रक घेतला." पलीकडे दोन क्षण शांतता. मग हळूच, "अरे, नोकरी आहे ना रे तुझी?"

आहे, आत्या. इथे पिकअपलाही ट्रकच म्हणतात. पुढे माणसं, मागे उघडा हौदा. आपल्याकडे असल्या गाडीतून भाजी जाते नाहीतर गणपती. इथे लोक तीच घेऊन ऑफिसला जातात. मीही जात होतो, मध्यम आकाराच्या एका पिकअपमधून. आता तो विकून त्याहून बराच मोठा घेतला. "तुला कशाला हवंय ते धूड?" असं दोन मित्रांनी आणि एका मावशीने विचारलं आहे, म्हणून हा लांबलचक खुलासा.

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. काही वर्षांपूर्वी कॅम्पिंगसाठी एक ट्रेलर घेतला. म्हणजे चाकांवरची खोलीच म्हणा: झोपायच्या जागा, ओटा, छोटा फ्रीज आणि (बायकोची अट) संडास. पिकअप साडेसहा हजार पौंड ओढतो असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ट्रेलर सामानसुमानासकट ५,२०० पौंडांचा. पाचवीतल्या पोरालाही जमेल असं गणित.

गेल्या जुलैत बाबा आले होते. आम्ही पाचजण आय-७० ने पश्चिमेकडे निघालो. आयझेनहॉवर बोगदा हा त्या रस्त्यावरचा सर्वात उंच टप्पा, साधारण अकरा हजार फुटांवर. पहिली बाजू १९७३ साली सुरू झाली, दुसरी १९७९ साली. चढताना इंजिन रडत होतं, ते अपेक्षितच होतं. भीती वाटली ती पलीकडे, उतारावर. तो उतार असा आहे की ब्रेक गेलेल्या ट्रकांना थांबवायला कडेला खडीचे चढ बांधून ठेवले आहेत. एक मोठा मालट्रक शेजारून गेला आणि आरशात ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे गेलेलं दिसलं. मग उजवीकडे. मग आणखी डावीकडे. कुत्र्याने शेपूट हलवावी तसं, फक्त इथे शेपूट कुत्र्याला हलवत होती. मागच्या सीटवर मुलांचं गाणं बंद झालं. पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही, फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे, हे कुठेतरी वाचलेलं ऐनवेळी आठवलं आणि हाताने तसं केलं. गाडी सरळ झाली. सगळा प्रकार दहा सेकंदांचा असेल. नंतर तासभर कोणी बोललं नाही.

संध्याकाळी कॅम्पवर बाबा ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आले. मागच्या बाजूला टांगलेल्या चार सायकली पाहिल्या, तिथेच असलेली भरलेली पाण्याची टाकी पाहिली आणि म्हणाले, "गाडी उलाळ झालती तुझी."

बाबा बार्शीकडचे. चाळीस वर्षं शाळेत प्रमाण मराठी शिकवली, पण बैलगाडीचा विषय निघाला की भाषा गावाकडची होते. शब्द मी लहानपणी ऐकला होता, अर्थ कधी विचारला नव्हता. दोन चाकांच्या बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ. जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याशी सापत्या आवळतात. पुढे जास्त झालं तर धुरजड, सगळा भार बैलांच्या मानेवर. गाडीवान चढावर पुढे सरकून बसतो आणि उतारावर मागे, ते ह्याचसाठी.

रात्री ट्रेलरचं माहितीपुस्तक काढलं. (हो, पहिल्यांदाच. हसू नका.) ट्रेलरचा जो दांडा पिकअपला जोडतात त्याला इथे जीभ म्हणतात. त्या जिभेवर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हवा. कमी पडला तर ट्रेलर वेगात झोकांड्या खातो. म्हणजे उलाळ. एवढ्या सरळ गोष्टीला एक शब्द इंग्रजी पुस्तकात मला सापडला नाही.

उपाय सोपा वाटला. सायकली काढून हौद्यात टाकल्या, पाणी सोडून दिलं. ट्रेलर शांत झाला, पण पिकअपचं बूड खाली बसलं आणि दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडायला लागले. उलाळ गेली आणि धुरजड आली!

घरी आल्यावर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचला. माणसं आणि सामान मिळून ह्या गाडीत १,१५० पौंडांहून जास्त कधीही भरू नये, असं त्यावर लिहिलं होतं. मग वही घेऊन बसलो. आम्ही पाचजण मिळून ६२५. जिभेवरचा भार ६२०, आणि तो पिकअपच्याच हिशेबात धरायचा असतो, कारण ती मान त्याची. जोडणीचं लोखंड ८०. हौद्यातल्या सायकली, कूलर वगैरे १६०. एकूण १,४८५. आम्ही ३३५ पौंड जास्त घेऊन, मुलांना आणि म्हाताऱ्या बापाला बसवून, अकरा हजार फुटांवरून उतरलो होतो. आणि साडेसहा हजारांचा तो आकडा तरीही खोटा नव्हता!

मग तो आकडा ठरतो कसा? इथून मी इतिहासात शिरलो आणि दोन महिने बाहेर आलो नाही.

बरीच वर्षं प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने हा आकडा ठरवायची. शेजाऱ्याने शंभर पौंड वाढवले की आपण दोनशे. शेवटी २००८ साली एसएई ह्या अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ नावाची एक सामाईक चाचणी ठरवून दिली. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या लांब चढावर, एसी चालू ठेवून, ट्रेलरसह ठरावीक वेग टिकवायचा. २०११ च्या मॉडेलसाठी टोयोटाने ती सर्वात आधी मानली, बाकीचे पुढच्या काही वर्षांत आले. चाचणी चांगली आहे. पण त्यात गाडीत माणसं किती धरायची? एक चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंड. मुलं, आजोबा, लाडू-चिवड्याचे डबे ह्यांचा हिशेब ज्याचा त्याने करायचा.

ह्यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. पिकअप मुळात कुटुंबासाठी नव्हताच. १९२५ साली फोर्डने मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा लावून विकायला काढला. किंमत २८१ डॉलर, इंजिन वीस अश्वशक्तीचं, सीट दोघांपुरती. गिऱ्हाईक कोण, तर शेतकरी आणि सुतार. सहलीला जाणारे लोक वेगळे. त्यांची 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची संघटना १९१९ मध्येच फ्लोरिडात निघाली होती. १९३६ साली एअरस्ट्रीमचा चकचकीत क्लिपर ट्रेलर १,२०० डॉलरला आला, तोही ओढायच्या त्या घरच्या मोटारीच. चार मॉडेल टी पिकअप घेऊनही पैसे उरले असते अशा किमतीचा ट्रेलर, आणि पुढे साधी मोटार!

मागे सीट असलेला सहा जणांचा पिकअप इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५७ साली काढला. तीन दारांचा. असल्या गाडीला अजूनही क्रू कॅब म्हणतात, म्हणजे कामगारांच्या टोळीची केबिन. माझी मुलं ज्या सीटवर भांडतात ती मुळात अशा टोळ्यांसाठी होती.

मग तो एवढा फुगला कसा? ह्यात कोंबड्या आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वस्त अमेरिकन कोंबड्यांवर युरोपने जकात वाढवली. उत्तरादाखल राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक ह्यांच्या आयातीवर २५ टक्के कर लावला. तो १९६४ च्या जानेवारीपासून लागू झाला. नेम होता जर्मन फोक्सवॅगनच्या गाड्यांवर. बाकीच्या वस्तूंवरचा कर पुढे गेला, ट्रकांवरचा मात्र चिकटला. जपानी कंपन्यांनी वाटा शोधल्या: हौद्याविना गाडी आणून इथे हौदा बसवायचा (ही वाट १९८० मध्ये बंद झाली), किंवा सुबारूने केलं तसं हौद्यातच दोन खुर्च्या जोडून 'ही मोटारच आहे हो' म्हणायचं. पण मोठ्या ट्रकांचं अंगण देशी कंपन्यांना मोकळं राहिलं.

दुसरं कारण मला जास्त मजेशीर वाटलं. फोर्डचा प्रसिद्ध एफ-१५० हा १९७५ च्या मॉडेलमध्ये जन्मला, आणि तो मुद्दाम थोडा जड ठेवला होता. धुराचे नवे कडक नियम माल-माणसांसह ६,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना होते. त्याच्या वर गेलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नको, जुनं शिसंयुक्त पेट्रोल चालेल. नियम चुकवायला वजन वाढवायचं! पुढे ती मर्यादा ८,५०० वर नेली. १९७५ च्याच इंधन बचतीच्या कायद्याने मोटारींना १९८५ पर्यंत गॅलनला साडेसत्तावीस मैलांचं उद्दिष्ट दिलं, ट्रकांना वेगळं आणि हलकं. आणि २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात हलक्या ट्रकांसाठी नवं सूत्र आलं, त्यात गाडीचा पसारा जितका मोठा तितकं उद्दिष्ट सोपं.

हे सगळं मी उत्साहाने जेवणाच्या टेबलावर सांगितलं. बायको म्हणाली, "म्हणजे ही गाडी कायदे चुकवत चुकवत मोठी झाली, आणि तीच आता तुला सुरक्षेसाठी हवीय?"

तिचा दुसरा मुद्दा आणखी टोकदार होता. पार्किंगमध्ये एका मोठ्या पिकअपसमोर तिने धाकटीला उभं केलं आणि मला चालकाच्या दारापाशी नेऊन खिडकीतून बघायला लावलं. पोरगी दिसली नाही. बॉनेटच दिसलं. आयआयएचएस ह्या विमा कंपन्यांच्या संस्थेचा २०२३ चा अभ्यासही तेच सांगतो: बॉनेट चाळीस इंचांहून उंच असलं तर धडकेत पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. आतली पाच माणसं वाचवायला बाहेरच्याला धोका वाढवायचा. ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ट्रेलर लहान घ्यायचा हाही पर्याय होता. पण बाबांना जमिनीवर झोपवत नाही आता, आणि त्यांच्या किती फेऱ्या उरल्यात ते आम्ही दोघंही बोलत नाही.

शेवटी तह झाला. समोर कॅमेरा असलेलाच ट्रक घ्यायचा, आणि तो फक्त ट्रेलर ओढायला. ऑफिसला जुनी छोटी मोटार. तिने ते फ्रिजवर लिहून चिकटवलं आहे.

तर घेतला तो पाऊण टनी. इथे पिकअपचे अर्धा टन, पाऊण टन, एक टन असे वर्ग आहेत. मुळात तेवढा माल पेलायचे म्हणून ती नावं पडली. आता त्याहून बरंच जास्त पेलतात, नावं तशीच राहिली. आमच्या दारावरच्या स्टिकरवर २,९०० आहे. काचेवर मायलेजचा आकडाच नव्हता, कारण ८,५०० पौंडांच्या वरच्या पिकअपना तो लावावा लागत नाही. (पहिल्याच टाकीत कळला. सांगणार नाही.)

यंदा जूनमध्ये बाबा पुन्हा आले. निघण्याआधी महामार्गावरच्या ट्रक थांब्यावर वजनकाट्यावर गेलो. एकदा ट्रेलरसकट, एकदा नुसता ट्रक. दोन्ही चिठ्ठ्यांची वजाबाकी केली की जिभेवरचा भार कळतो. आमच्या पुढे अठरा चाकी ट्रक, मागे अठरा चाकी ट्रक. उसाच्या गाड्या घेऊन साखर कारखान्याच्या काट्यावर रात्ररात्र काढलेले बाबा एकदम खुलले. खिडकीची काच खाली करून म्हणाले, "हितं काटा मारत न्हाईत ना?"

चिठ्ठ्या आल्या. ट्रेलर ५,३००, जिभेवर ६९०. साधारण तेरा टक्के. मी आकडे वाचून दाखवले, बाबांनी चष्मा लावून स्वतः एकदा बघितले आणि दोन्ही चिठ्ठ्यांची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या.

"बरोबर हाय," म्हणाले. "जुपा."