मुंजीच्या पत्रिकेवरील चार ओळी

मुंजीच्या आमंत्रणपत्रिकेवर घरच्याच कोणी रचलेल्या चार ओळी छापाव्यात, ही हौस महाराष्ट्राबाहेर पडलेल्या कुटुंबांतून अद्याप टिकून आहे. आमच्या नोएडातही ती दिसते. तिचे मूळ मंगलाष्टकांत असावे, असे आम्हांस वाटते. देवादिकांचे संस्कृत श्लोक आटोपले की घरचा कवी पुढे सरसावे आणि आजोबा, आत्या, मामा अशा समस्तांची नावे गुंफलेली मराठी मंगलाष्टके सुरू होत. छापखाने सुलभ झाले, तसे हे पद्य मांडवातून कागदावर आले.

या पद्यांचे आवडते वृत्त शार्दूलविक्रीडित. चरणात अक्षरे १९, यती बाराव्यावर, आणि आरंभी तीन गुरू. योगायोग असा की, १९७६ साली सरकारी अधिसूचनेतून जन्मलेले 'नोएडा' हे नाव नेमके तीन गुरूंचे आहे. मुंबईकरांची येथे पंचाईत होते. 'मुंबई' चरणाच्या प्रारंभी बसतच नाही, ती अखेरीस बसवावी लागते. आम्ही मात्र सहज लिहून जातो:

नोएडा नगरीत मुंज अमुची, यावे सुहृन्मंडळी.

चरण निर्दोष आहे. पण बदलीच्या गावी वाढलेल्या, शाळेत हिंदी-इंग्रजी वाचणाऱ्या आमच्या बटूच्या जिभेवर 'सुहृन्मंडळी' बसेल काय? ज्याच्या नावे आमंत्रण जायचे, त्यालाच ते वाचता येऊ नये, यात शोभा ती कसली!

पद्य कोणाच्या मुखी असावे, हा प्रश्न जुना आहे. गृह्यसूत्रांनी उपनयनासाठी ब्राह्मणाचे आठवे, क्षत्रियाचे अकरावे व वैश्याचे बारावे वर्ष नेमले. शूद्रांस तो अधिकारच दिला नाही, आणि मुलींसही पुढे तो उरला नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला, तेव्हा पुरोहितावाचून विवाह लागू लागले. त्यांसाठी जोतीरावांनी स्वतः मराठी मंगलाष्टके रचली. त्यांतील विशेष हा की, ती वधूवरांनी परस्परांस म्हणावयाची आहेत. वधू आपला हक्क मागते, वर वचन देतो. मध्यस्थाच्या मुखातील पद्य ज्याचे त्याला परत मिळाले, ही लहानसहान गोष्ट नव्हे. मुंजीपुरते पाहिले तर पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने मुलींचेही उपनयन सुरू केले. अशा मुलीच्या पत्रिकेवर 'चि. बटू' म्हणून छापलेला तयार साचा काय कामाचा?

छापखान्यातील नमुन्यांच्या वहीतून उचललेल्या कवितेविषयी आम्ही अधिक लिहीत नाही. तीत नाव तेवढे बदलते.

तथापि शार्दूलविक्रीडित साधत नाही म्हणून हात आखडण्याचे कारण नाही. जात्यावर बसणाऱ्या बायकांनी गणमात्रांचा विचार न करता लेकाला आणि भावाला नाव घेऊन ओवीत आणले. तीन चरणांस यमक, चौथा आखूड. एवढ्यावर काम भागते. भिक्षावळीत पहिली भिक्षा आईची असते; पत्रिकेवरील ओळीही तिनेच लिहाव्यात, आणि छापण्यापूर्वी मुलाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्याव्यात. तो जेथे अडखळेल तो शब्द काढावा, मग तो आम्ही सुचविलेला का असेना.